घरात सहा, दुकानात पन्नास

तो फोनवर 'चालेल' म्हणाला, आणि पुढचं सगळं त्या एका शब्दामुळे घडलं.

खरं म्हणजे हा शब्द त्याच्या तोंडातला नव्हे. सरकारी कचेरीत एकवीस वर्षं काढलेल्या कारकुनाच्या तोंडी 'बघू', 'कळवू', 'वरून आलं की सांगतो' असले शब्द शोभतात. कचेरीत त्याला सगळे पोटकलम म्हणायचे. साध्या चहाच्या गप्पांतही तो नियमाचं एखादं पोटकलम काढायचा म्हणून, आणि शर्टाचं चौथं बटण कायम जीव मुठीत धरून असायचं म्हणूनही. (दोन्ही गोष्टी एका नावात बसवणाऱ्या शिपायाला खरं तर बढती मिळायला हवी होती. मिळाली नाही. त्यालाही एक पोटकलम आडवं आलं.)

साथीचं दुसरं वर्ष होतं. वर्षअखेरची मोठी सुट्टी तोंडावर आली, लोकांनी घरं झाडून-पुसून पाहुण्यांची वाट बघायला सुरुवात केली, आणि नेमकं तेव्हा परिपत्रक निघालं: कुठल्याही घरात एका वेळी सहापेक्षा जास्त माणसं नकोत. घरची धरून सहा, पोरंबाळं धरून सहा. परिपत्रकावर सही साहेबांची, टायपिंग पोटकलमचं. आणि लोकांच्या शंका ऐकायला जी हेल्पलाइन उघडली, तिच्यावरही पोटकलमच. म्हणजे एक टेबल, एक फोन आणि एक पोटकलम. सकाळी साडेदहाला तो रिसीव्हर कानाला लावायचा, तो संध्याकाळी कान लाल झाला की खाली ठेवायचा.

लोक नुसते शंका विचारत नव्हते. वर्षभराचा राग त्यांनी जपून ठेवला होता, आणि तो ऐकून घेणारा एक माणूस आता फुकटात मिळाला होता.

"सहा म्हणजे सहाच का? साडेसहा का नाही?" एकानं विचारलं.

"अर्धं माणूस कुठून आणणार आपण?"

"माझा मेहुणा बघितला नाहीत तुम्ही."

एका बाईंनी हळू आवाजात विचारलं, "आमच्यात सासूबाई सातव्या होतात. त्यांना येता येणार नाही, असं कचेरीच्या शिक्क्यानिशी लेखी मिळेल का?"

एकजण म्हणाला, "पोटातलं मूल धरायचं का?"

"जन्माला आल्यावर धरायचं."

"डॉक्टरांनी सुट्टीच्या दिवसाचीच तारीख दिली आहे."

"मग जेवणं लवकर आटपा," पोटकलम म्हणाला. त्याला स्वतःचंच उत्तर आवडलं आणि त्यानं ते टिपून ठेवलं.

पण असल्या उत्तरांनी घरचा प्रश्न सुटत नव्हता. तो, बायको, मुलगी आणि आई, असे घरात चौघं. धाकटा भाऊ, त्याची बायको आणि आठ महिन्यांचं बाळ मिळून तिघं. चार आणि तीन सात, म्हणजे बरोब्बर एक जास्त. धाकट्याकडे आईला न्यावं, तर तो सासरी राहायचा आणि तिथं आधीच सहा. शिवाय ताई, भावजी आणि त्यांची दोन मुलं वेगळीच. बागांना कुलपं होती. आठ महिन्यांत आईनं नात पाहिली ती फक्त फोनवर, आणि धाकटा फोन असा धरायचा की आजीला नातीपेक्षा छताचा पंखाच जास्त दिसायचा.

"बाळ वाढतंय की नाही ते कळत नाही," आई म्हणायची. "पंख्याला मात्र धूळ साचली आहे."

बायकोनं साधा उपाय सुचवला होता. "अहो, धाकटे भावजी येतील तेव्हा तुम्ही तासभर बाहेर जा. सहाच उरतील."

उपाय बिनतोड होता. पोटकलमला तो लागला. (घरातून एक माणूस कमी करायचा म्हटल्यावर कोणाचं नाव लगेच सुचतं, हे माणसाला कळू नये हेच बरं.) पण आईनंच तो मोडून काढला. "तुला वगळून नको, कोणालाच वगळून नको. बघायची तर सगळी एकत्र बघेन. हप्त्याहप्त्यानं काय बघायची माणसं?"

आणि सुट्टीच्या चार दिवस आधी तो फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण खणखणीत. रेल्वेत गार्ड होतो, निवृत्त झालो, असं त्यांनी आधी सांगून टाकलं.

"मला एक सांगा. घरात सहा माणसं. मग हमरस्त्यावरच्या त्या मोठ्या फर्निचरच्या दुकानात पन्नास कशी चालतात?"

"ती गिऱ्हाइकं आहेत, आजोबा."

"आम्ही नऊजण आहोत. आम्ही सगळे मिळून डायनिंग टेबल बघायला गेलो तर?"

पोटकलमनं सवयीनं परिपत्रक उलटलं. कलम चार, पोटकलम आ. दुकानात एका वेळी पन्नास गिऱ्हाइकं, तोंडाला मास्क, खाणंपिणं नाही. एका घरातले किती, टेबल किती वेळ बघायचं, बसून बघायचं की उभ्यानं, यावर अक्षर नव्हतं. त्याला ठाऊकच होतं, ते त्यानंच टाइप केलं होतं. तो दिवसभरातला एकशे चौदावा फोन होता. 'कळवतो' म्हणावं असं त्याच्या मनात आलं होतं. पण म्हातारबुवांच्या आवाजात काहीतरी असं होतं की तो म्हणाला, "चालेल."

पलीकडून आवाज आला, "नक्की?"

"नियमात बसतं."

"नियमात नाही बसलं तरी चालेल हो, खुर्चीवर बसता आलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी घरी जाताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: जे गार्डसाहेबांना चालतं, ते आपल्यालाही चालतं. घरी पोचताच त्यानं बेत मांडला. सुट्टीच्या दिवशी दुकान सेलसाठी उघडं असणार होतं. अकरा वाजता तिन्ही घरांनी वेगवेगळं आत शिरायचं, डायनिंग टेबलापाशी योगायोगानं भेटायचं.

"दुकानात कोणी आपल्या माणसांना भेटतं का?" बायको म्हणाली.

"नियमात बसतं."

"लोक काय म्हणतील?"

"लोक घरी असतील. सहा-सहा."

आईनं एकच प्रश्न विचारला, "बसायला देतील ना रे तिथं?"

"आई, त्यांचा धंदाच तो आहे."

फोनवरून ताईला आणि धाकट्याला सूचना गेल्या. आल्या आल्या गळ्यात पडायचं नाही. आधी टेबलाची चौकशी करायची, लाकूड कुठलं ते विचारायचं, मग सहज वळून बघायचं आणि ओळख पटल्यासारखं करायचं. ताईनं शाळेत असताना नाटकात काम केलं होतं, त्यामुळे तिला हे फारच मनावर घ्यावंसं वाटलं. "मी आधी तुला ओळखणारच नाही," ती म्हणाली. "मग हळूहळू ओळखेन."

ठरल्या दिवशी जागा धरायला म्हणून पोटकलम पावणेअकरालाच खिशात मोजपट्टी घालून दुकानात पोचला. आई, बायको आणि मुलगी टॅक्सीनं मागून येणार होत्या. दारात दारवान होता. त्याच्या हातात माणसं मोजायचं छोटं यंत्र, आत जाणाऱ्या प्रत्येकामागे टक् करून अंगठा दाबायचा. पोटकलमसाठी त्यानं टक् केलं, आकडा बघितला आणि म्हणाला, "त्रेचाळीस."

त्रेचाळीस ऐकून तो घाईनं आत शिरला. आणि दोन पावलांतच थबकला.

पहिल्याच सोफ्यावर पाचजणांचं एक कुटुंब ओळीनं बसलं होतं आणि मधल्या आजोबांना जुने फोटो दाखवत होतं. डबल बेडवर एक आजीबाई चक्क आडव्या झाल्या होत्या, दोन्ही बाजूंना नाती, आणि कुठलीशी गोष्ट रंगात आली होती. अभ्यासाच्या टेबलांवर मुलं चित्रं रंगवत होती. कपाटांच्या आडोशाला एक जोडपं कपाटाखेरीज सगळ्या विषयांवर बोलत होतं. आणि या सगळ्यांच्या मधोमध विक्रेता हात सोडून उभा होता.

"सकाळपासून एक वस्तू विकली नाही," तो पोटकलमला म्हणाला, "आणि एक खुर्ची रिकामी नाही."

"असं कसं?"

"सगळे एकच सांगतात. हेल्पलाइनवरच्या साहेबांनी चालेल म्हणून सांगितलंय. एकानं विचारलं, त्यानं दहाजणांना कळवलं. त्या साहेबांचा पत्ता मिळाला ना, तर एक बेड त्यांच्या डोक्यात घालायचाय मला."

(एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणी पोटकलमला साहेब म्हणालं, ते असं.) तो मास्क नाकाच्याही वर ओढून डायनिंग टेबलांकडे सरकला. सगळ्यात मोठं, बारा खुर्च्यांचं टेबल अडवून नऊजण बसले होते. टोकाला पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. मिशा मास्कच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या.

"इथल्या तीन खुर्च्या रिकाम्या आहेत का?" पोटकलमनं विचारलं.

गार्डसाहेब ताडकन उठले. "हा आवाज," ते म्हणाले. "अहो, तुम्हीच ते. चालेलवाले."

नऊच्या नऊ जणांनी माना वळवल्या. एका सुनेनं हात जोडले. पोटकलमनं विक्रेत्याकडे चोरून बघत हळू बोलायची खूण केली.

तेवढ्यात ताईचं बिऱ्हाड आलं. दारातून चार वेळा टक् ऐकू आलं. ताई थेट टेबलापाशी आली, लाकडावरून हात फिरवला, वळली आणि सख्ख्या भावाला म्हणाली, "माफ करा, आपल्याला कुठंतरी बघितल्यासारखं वाटतंय." भावजींनी तिला कोपरानं ढोसलं. तिच्या पाठोपाठ धाकटा आला, बायको आणि बाळासकट. टक्, टक्. मग थोडं थांबून, बाळाचं एक टक्.

पन्नास.

काचेच्या मोठ्या दाराबाहेर टॅक्सी थांबली. त्यातून आधी मुलगी, मग बायको आणि मग बेतानं, एका हातानं दार धरत आई उतरली. तिनं ठेवणीतला कोट घातला होता. ती दारापाशी आली आणि दारवानानं नम्रपणे हात आडवा केला.

पोटकलम धावत दाराशी गेला. "आत घ्या त्यांना. माझी आई आहे."

"पन्नास झाले, साहेब. तीन बाहेर गेले की तीन आत."

"अहो, त्यात एक आठ महिन्यांचं बाळ आहे. ते कसलं गिऱ्हाईक?"

"ते मीही विचारलं होतं," दारवान म्हणाला. "काल हेल्पलाइनला फोन केला. बाळ धरायचंच, म्हणाले. पोटातलं तेवढं धरायचं नाही." त्यानं पोटकलमकडे नीट बघितलं. "आवाज साधारण तुमच्यासारखाच होता."

दाराच्या बाहेर आई उभी होती. तिची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती काचेतून आत, धाकट्याच्या खांद्यावरच्या लोकरीच्या टोपीकडे बघत होती. आठ महिन्यांनी पंखा सोडून टोपी दिसली होती. तिनं तळहात काचेला टेकला आणि तशीच राहिली. घाई करत नव्हती, तक्रार करत नव्हती. ते त्याला जास्त लागलं.

"मी बाहेर जातो," तो म्हणाला. "एक झाला."

"अजून दोन लागतील."

मागून खणखणीत आवाज आला. "आमचे दोन घ्या." गार्डसाहेबांनी दोन्ही मुलांकडे नुसती मान हलवली. चाळिशीतली धिप्पाड माणसं ती, पण गाडी सुटल्यासारखी निमूटपणे उठून बाहेर निघाली.

दारवानानं आकडे चुकवले नाहीत. तीन बाहेर, तीन आत. दारात आई आणि पोटकलम एकमेकांना ओलांडून गेले. ती म्हणाली, "तू कुठं चाललास?" तो म्हणाला, "आलोच." आणि दार बंद झालं.

मग त्यानं जे पाहिलं ते काचेतूनच. टेबलाशेजारी एक उंच पाठीची, निळ्या कापडाची खुर्ची होती. आई तिच्यात बसली. धाकट्यानं बाळ तिच्या मांडीवर दिलं. आईनं नातीला तोंड दिसावं म्हणून मास्क जरासा खाली केला, तर बाळानं भोकाड पसरलं. तिनं घाबरून मास्क वर केला, तर बाळ गप्प झालं आणि हसलं. बिचारीनं परकी माणसं पाहिली होती ती सगळी मास्कवाली. उघड्या तोंडाची आजी तिला नवीन होती. आई हसताना फक्त डोळे दिसत होते, पण पोटकलमला तेवढे पुरले. पाच मिनिटांत बाळ तिच्या कोटाची गुंडी मुठीत धरून झोपून गेलं. ताई नाटक विसरून खुर्चीच्या हातावर टेकली होती आणि तिची मुलं आजीच्या पायाशी बसली होती.

"किती वेडेपणा आहे," शेजारी उभा असलेला गार्डसाहेबांचा थोरला म्हणाला. "घरात सहा आणि इथं पन्नास. हा नियम करणाऱ्याला घरदार नसणार."

"असेल," पोटकलम म्हणाला. "घरचे विचारत नसतील."

मागून कोणीतरी घसा खाकरला. तो वळला. मोजपट्टी हातात घेतलेले त्याचे साहेब उभे होते. मागे त्यांच्या पत्नी, दोन मुली आणि चाकाच्या खुर्चीत त्यांचे वडील.

पोटकलमनंही खिशातली मोजपट्टी बाहेर काढली.

"तुम्ही इथं?" साहेबांनी विचारलं.

"टेबल बघायला. आपण?"

"सोफा." साहेबांनी काचेतून आत बघितलं, बेडवरच्या आजीबाईही पाहिल्या. "हे सगळं कोणाच्या परवानगीनं चाललंय?"

"परिपत्रकात मनाई नाही, साहेब."

"कुठल्या परिपत्रकात?"

"आपल्या सहीच्या."

साहेब पुढे काही बोलले असते, पण कपाटांपाशी उभ्या असलेल्या एका पिकल्या केसांच्या बाईंनी त्यांना आतून हात केला. मग हळूच म्हणाले, "माझी आत्या. वडिलांची दीड वर्षात भेट नाही." आणि ते निमूटपणे पोटकलमच्या मागे रांगेत उभे राहिले. दोन सरकारी कपाळं एकाच काचेला टेकली.

तेवढ्यात आत काहीतरी बिनसलं. पाठीला पट्टा बांधलेले एक गृहस्थ निळ्या खुर्चीकडे बोट दाखवत होते आणि विक्रेता आईपुढे वाकला होता. आईनं ओठांवर, म्हणजे मास्कवर बोट ठेवलं. विक्रेता पुन्हा वाकला. पोटकलमनं काचेवर टकटक केली, कोणाला ऐकू गेली नाही. त्यानं धाकट्याला फोन लावला.

"काय म्हणतोय तो?"

"खरंच खुर्ची घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आहे, दादा. त्यांना बसून बघायची आहे. आईला उठा म्हणतोय."

"बाळ उठेल ना."

"तेच सांगतोय मी. तो म्हणतो, ही दुकानाची खुर्ची आहे, ज्याला घ्यायची त्याचा पहिला हक्क."

पोटकलमनं आयुष्यात पहिल्यांदा कलम न बघता निर्णय घेतला. "विकली म्हणून सांग."

"कोणाला?"

"मला. आणि हळू बोल, बाळ झोपलंय."

धाकटा विक्रेत्याच्या कानाशी लागला. विक्रेत्याचा चेहरा बदलला. फोनवर पुन्हा आवाज आला, "रंग कुठला पाहिजे, विचारतोय."

"आई बसली आहे तो."

पैसे त्यानं दाराच्या फटीतून दिले आणि पावती फटीतूनच घेतली, कारण आत जायला अजून जागा नव्हती. विक्रेत्यानं निळ्या खुर्चीवर 'विकली' अशी चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी बघून सोफ्यावरच्या कुटुंबात कुजबुज झाली आणि पाठोपाठ तो सोफाही विकला गेला. गार्डसाहेबांनी टेबल घेतलं नाही, पण नऊजणांना पुरेल असा वेळ घेतला. कोणीतरी बाहेर आलं, तसे साहेबांचे वडील आत गेले. साहेब बाहेरच राहिले. आई दीड तास बसली. पोटकलम शेवटपर्यंत आत गेला नाही. त्याची पाळी आली तेव्हा मागून एक आजीबाई आल्या होत्या, त्यांना त्यानं पुढं जाऊ दिलं. थंडीनं पाय बधिर झाले होते, पण इतकं बरं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

सोमवारी साहेबांनी त्याला बोलावून एक नवीन पोटकलम सांगितलं: विक्रीच्या कोणत्याही आसनावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. पोटकलमनं ते टाइप केलं. साहेबांनी सही करताना वर बघितलं नाही, त्यानंही बघितलं नाही.

बुधवारी दोन हमालांनी खुर्ची घरी आणून ठेवली. पोटकलमनं ती पुसली, खिडकीपाशी लावली आणि आईला हाताला धरून तिच्यासमोर आणलं.

आईनं खुर्चीला एक चक्कर मारली. "ही इथं कशी?"

"तुझ्यासाठी घेतली."

"माझ्यासाठी? अरे, किती टोचते ती. पाठीत नुसती दांडी लागत होती मला."

"मग दीड तास बसलीस कशी?"

"बाळ झोपलं होतं ना मांडीवर. मी उठणारच होते, बाळाला सुनेकडे देऊन. तेवढ्यात त्या विकणाऱ्यानं चिठ्ठीच लावली." आईनं निळ्या कापडावरून हात फिरवला आणि मायेनं त्याच्याकडे बघितलं. "मला इतकं बरं वाटलं होतं रे. म्हटलं, सुट्टीच्या दिवशी बिचाऱ्याला कोणीतरी बावळट गिऱ्हाईक मिळालं."